टॉप स्पीड मोजतात कसा, आणि मीटरवरचे दीडशे खरे का नसतात

मीटरवर १५० दिसले म्हणजे गाडी १५० नं पळाली, असं नसतं. आमच्या मूर्तिजापूर तालुक्यात संध्याकाळी पानटपरीवर जमणाऱ्या पोरांमध्ये या आकड्यावरून नेहमी वाद रंगतो. "सर, माही गाडी दीडशे पयते," असं एक जण छातीठोकपणे सांगतो, दुसऱ्याची तीच गाडी एकशे साठ पळालेली असते. मी कनिष्ठ महाविद्यालयात फिजिक्स शिकवतो आणि मोटरसायकली मला मनापासून आवडतात, म्हणून निवाड्यासाठी हा वाद माझ्याकडे येतो. तो आला की मला बरंच वाटतं. अकरावीच्या पुस्तकात बल, घर्षण, शक्ती, वेग असे जे धडे सुटे सुटे असतात, ते सगळे या एका प्रश्नात एकत्र येतात.

त्या पोरांना मी पहिल्यांदा सांगतो ते हे: टॉप स्पीड हा एकट्या गाडीचा गुण नाही. इंजिन पुढे ढकलतं, हवा मागे रेटते, आणि ज्या वेगाला दोन्ही सारखे होतात तिथे गाडी अडते. त्यामुळे गाडी तीच असली तरी हवा, चढ-उतार आणि वर बसलेल्या माणसाची बैठक बदलली की आकडा बदलतो. म्हणून तो मोजायचा तर जागाही तशीच लागते आणि पद्धतही. वाटेल त्या रस्त्यावर, वाटेल तेव्हा, मीटरकडे बघून जो आकडा मिळतो त्याला मोजणी म्हणता येत नाही.

आधी मीटरचं बघू. आजच्या गाड्यांत चाकाजवळ किंवा गिअरबॉक्समध्ये एक सेन्सर असतो. चाक किती फिरलं हे तो मोजतो आणि टायरचा घेर ठराविक धरून त्याचा वेग करून दाखवतो. म्हणजे मीटरला रस्ता दिसत नाही, फक्त चाकाच्या फेऱ्या कळतात. टायर झिजला, हवा कमी झाली, वेगळ्या मापाचा टायर टाकला की घेर बदलतो आणि हिशोब चुकतो. पण खरी गोष्ट याच्याही आधीची आहे. वेगमापकाच्या आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे मीटरनं खऱ्यापेक्षा कमी वेग कधीही दाखवायचा नाही. जास्त दाखवलेला चालतो, तोही खऱ्या वेगाच्या दहा टक्के आणि वर आणखी काही किलोमीटर इतका. कंपनी कशाला धोका पत्करेल? ती मीटर मुद्दाम थोडं पुढेच ठेवते. त्यामुळे मीटरवर १५० दिसतात तेव्हा खरा वेग १३८-१४० असणं अगदी नेहमीचं आहे. यात कोणी फसवत नाही, नियमातच ती सोय आहे. पानटपरीवरच्या निम्म्या वादाचं मूळ इथेच सापडतं.

आता हवेकडे येऊ, कारण सगळा खेळ तिचाच आहे.

गाडी हळू चालते तेव्हा हवा जाणवत नाही. पण हवेचा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की रेटा चौपट. उदाहरणासाठी यामाहाची आर-१५ घेऊ, आमच्याकडे स्पोर्ट गाडी म्हटलं की पोरांच्या डोळ्यांपुढे पहिली तीच येते. १५५ सीसीचं इंजिन, १०,००० आरपीएमला (म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला तेवढ्या फेऱ्या होतात तेव्हा) १८.४ हॉर्सपॉवर. चालवणारा टाकीवर आडवा झाला आहे असं धरून मी हिशोब मांडतो. ७० च्या वेगाला हवा त्याला साधारण सात किलोच्या वजनाइतकी मागे रेटते. १४० ला तोच रेटा एकोणतीस किलोच्या आसपास जातो. शिवाय टायर लोळताना खातो तो वाटा असतोच, पण तो जेमतेम तीन किलोचा, आणि वेगाबरोबर फारसा वाढतही नाही.

एकोणतीस किलो ऐकायला फार वाटत नाही. पण हा रेटा सेकंदाला एकोणचाळीस मीटर या वेगानं कापत जायचं आहे. शक्ती म्हणजे बल गुणिले वेग. बल वेगाच्या वर्गानं वाढतं, त्याला पुन्हा वेगानं गुणलं की घन होतो. वेग दुप्पट करायचा तर शक्ती आठपट लागते. १४० ला हवा आणि टायर मिळून मागच्या चाकावर साधारण सतरा हॉर्सपॉवर मागतात. १८.४ पैकी चेन आणि गिअरमध्ये थोडी जाते, मागच्या चाकापर्यंत सोळा-सतराच पोचते. म्हणून ही गाडी १४० च्या अलीकडे-पलीकडे अडते. कुणी कितीही शपथा घेतल्या तरी सपाट रस्त्यावर, वारा नसताना, ती खऱ्या १५५ ला जाऊ शकत नाही. १५५ साठी लागणारी शक्ती त्या इंजिनात नाहीच.

हाच घन वरच्या बाजूला लावून बघा. १४० ला इंजिनाची अठरा, तर २८० ला त्याच्या आठपट, म्हणजे दीडशेच्या घरात हॉर्सपॉवर हवी. एक हजार सीसीच्या सुपरबाइक दोनशे हॉर्सपॉवरच्या का असतात आणि एवढं करूनही तीनशेच्या आसपासच का थांबतात, हे यातून कळतं. पोरांना वाटतं, दहापट ताकदीचं इंजिन म्हणजे दहापट नाही तरी चारपट वेग मिळेल. मिळतो दुपटीहून थोडा जास्त.

याचे परिणाम मोठे मजेदार आहेत. माझ्या ओळखीतली कितीतरी पोरं पगाराचे नाहीतर कापसाच्या चुकाऱ्याचे पैसे घालून आवाजाचा सायलेन्सर बसवतात, एअर फिल्टर बदलतात. समजा त्यातून शक्ती खरोखर दहा टक्के वाढली, आणि नुसत्या सायलेन्सरनं तेवढी क्वचितच वाढते. तरी वेग वाढणार तीन टक्के. १४० चे १४४. तेवढाच फरक, उलट त्याहून मोठा, फुकट मिळतो. ताठ बसलेला माणूस आणि हनुवटी टाकीला टेकवून, कोपरं आत घेऊन, गुडघे टाकीला चिकटवून बसलेला माणूस, यांच्यात हवेला आडवं येणाऱ्या अंगात तीस टक्क्यांच्या आसपास फरक पडू शकतो. आडवा होऊन १४० मिळत असतील तर ताठ बसून १२६-१२७ मिळतील. फडफडणारा शर्ट, पाठीवरची सॅक, उघडी जॅकेटची चेन, सगळं यात मोजलं जातं. रेसवाल्यांच्या सूटला पाठीवर उंचवटा असतो ना, तो दिसायला विचित्र, पण डोकं खाली घातल्यावर हेल्मेटच्या मागची हवा नीट वाहून जावी यासाठीही त्याचा उपयोग होतो.

वजनाबद्दल उलटा गैरसमज आहे. "तो सडपातळ आहे म्हणून त्याची गाडी जास्त पळते," असं म्हणतात. वजनाचा फरक पडतो तो वेग पकडताना आणि चढावर. सपाटीवर शेवटचा वेग ठरवण्यात वजनाचा हात फार थोडा. सडपातळ माणसाची गाडी जास्त पळत असेल तर ती बहुतेक त्याच्या अंगाच्या आकारामुळे.

गिअरचं थोडक्यात सांगतो. गाडी दोन कारणांनी अडू शकते: एक तर हवेपुढे शक्ती संपते, नाहीतर इंजिन लिमिटरला लागतं, म्हणजे फेऱ्यांची ठरवलेली कमाल हद्द गाठतं, आणि ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा संगणक, इंधन तोडतो. मागच्या चाकावरची चेनची चकती लहान केली की टॉप वाढतो, असा सल्ला सर्रास दिला जातो. जी गाडी शेवटच्या गिअरमध्ये लिमिटरला लागते तिच्या बाबतीत तो बरोबर आहे. पण जी आधीच हवेपुढे अडलेली आहे तिची चकती लहान केली तर आरपीएम खाली येतो, इंजिन आपल्या जोरदार टप्प्यापासून दूर जातं, आणि टॉप घटतो. सहावा गिअर आरामात लांब जाण्यासाठी ठेवलेला असला तर गाडी पाचव्यातच जास्त पळते, सहावा टाकला की वेग गळतो. हे अनुभवलेले बरेच आहेत, कारण माहीत असलेले थोडे.

तर मग मोजायचं कसं?

पहिली गरज लांबीची. वेगाचे शेवटचे थोडे आकडे फार महाग पडतात. मघाचाच हिशोब पुढे नेला तर १३० ला असताना इंजिनाचा रेटा आणि हवेचा रेटा यांच्यात फक्त सहा-साडेसहा किलोचा फरक उरतो. तेवढ्या शिलकीवर गाडी आणि माणूस मिळून दोनशे किलोचं धूड पुढे ढकलायचं. १३० वरून १३७ वर जायला दहा-बारा सेकंद आणि चारशे मीटरच्या वर रस्ता जातो. वेगाचे त्यापुढचे दोन-तीन आकडे तर याहूनही सावकाश येतात. म्हणून दीड-दोन किलोमीटर सलग, सपाट, मोकळी वाट नसेल तर लहान गाडीचासुद्धा खरा टॉप दिसतच नाही. दिसतो तो "इथपर्यंत पोचली" एवढाच आकडा.

रेसच्या ट्रॅकवरही ही अडचण आहे. ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट ५.१२५ किलोमीटरचा, २०११ साली तिथे फॉर्म्युला वन झाली, २०२३ साली मोटोजीपी, म्हणजे मोटरसायकलींची सर्वांत मोठी शर्यत, झाली. पण त्याची सर्वांत लांब सरळ वाट एक किलोमीटरहून थोडीच जास्त, आणि तिच्या शेवटी वळण. वळणाआधी ब्रेक मारावाच लागतो. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक ३.७ किलोमीटरचा, कोइम्बतूरचा करी स्पीडवे २.१ चा. हे ट्रॅक चालवणाऱ्याचं कसब पारखायला उत्तम आहेत, टॉप स्पीडसाठी अपुरे.

त्यासाठी वेगळी जागा असते, आणि आम्हा वऱ्हाडातल्या लोकांना ती मुंबई-पुण्याहून जवळ आहे याचं मला फार अप्रूप वाटतं. इंदूरजवळ पिथमपूरला नॅट्रॅक्स नावाचं सरकारी चाचणी केंद्र आहे. तिथला हाय-स्पीड ट्रॅक जून २०२१ मध्ये सुरू झाला. ११.३ किलोमीटरचा लंबगोल, सोळा मीटर रुंद, चार लेनचा. वळणांवर रस्ता आतल्या बाजूला झुकवलेला आहे, आणि तो उतार अशा हिशोबानं दिलाय की २५० च्या वेगाला वाहन वळणात आपोआप बसतं, बाजूला ओढ लागत नाही. वळणासाठी वेग सोडावा लागत नाही म्हणजे गाडीला हवी तेवढी वाट मिळते. इटलीत नार्दोला १९७५ पासून असाच ट्रॅक आहे, तो तर १२.६ किलोमीटरचं पूर्ण वर्तुळ. नॅट्रॅक्स कुणालाही जाऊन फिरवायला मिळत नाही. वाहन कंपन्या, चाचणी घेणारे, मोटर मासिकांचे लोक वेळ ठरवून, पैसे भरून जातात.

दुसरी गरज दोन्ही दिशांची. माझ्या मते सगळ्या प्रकरणात हे सर्वांत महत्त्वाचं आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. समजा ताशी १० किलोमीटर वारा आहे. दहाचा वारा म्हणजे झाडाची पानं हलतील एवढाच. वारा नसताना जी गाडी १४० जाते ती समोरून वारा असेल तर १३३ ला अडेल, पाठीमागून असेल तर १४७ ला. एकाच गाडीचे, एकाच सकाळचे, एकाच माणसाचे दोन आकडे, आणि फरक चौदा किलोमीटरचा! पानटपरीवर एक म्हणतो १३३, दुसरा म्हणतो १४७, आणि दोघंही खरं बोलत असू शकतात. दोन्ही दिशांनी जाऊन सरासरी काढली की परत १४० हातात येतात.

चढाचंही तसंच. शंभर मीटरला एक मीटर चढ डोळ्यांना दिसत नाही. पूर्णेच्या खोऱ्यातला आमचा प्रदेश बघणाऱ्याला टेबलासारखा सपाट वाटतो, पण पाटाचं पाणी कुठून कुठे जातं ते शेतकऱ्याला विचारा. गाडी आणि माणूस मिळून २१० किलो धरले तर त्या एक टक्का चढावर दोन किलोचा जादा भार मागे ओढतो आणि टॉप तीन किलोमीटरनं उतरतो. उतारावर तितकाच वाढतो. वारा आणि उतार एका बाजूला आले की आर-१५ वर खरेखुरे दीडशे दिसूही शकतात. तो त्या उताराचा आणि वाऱ्याचा वेग झाला.

म्हणून जगातले मान्य विक्रम दोन फेऱ्यांचे असतात. ठराविक वेळेच्या आत एकदा इकडून तिकडे, एकदा तिकडून इकडे, आणि दोन्हींची सरासरी. अमेरिकेत बॉनेव्हिलच्या मिठाच्या मैदानावर सप्टेंबर २०१० मध्ये रॉकी रॉबिन्सननं सुझुकीच्या हायाबुसा मोटरसायकलची दोन इंजिनं बसवलेल्या निमुळत्या गाडीवर ताशी ६०५.६९७ किलोमीटरचा विक्रम केला, तो असाच सरासरीचा. याउलट जून २०१६ मध्ये तुर्कस्तानात मोटरसायकल रेसर केनान सोफुओग्लूनं ओस्मान गाझी पुलावर कावासाकी एच-टू-आर २६ सेकंदांत ४०० ला नेली. रिकामा पूल, जबरदस्त कसब, मी तो व्हिडिओ बघून थक्क झालो होतो. पण तो आकडा गाडीच्या मीटरवर दिसलेला आणि एकाच दिशेचा आहे. त्या कामगिरीचं मोल यानं कमी होत नाही, फक्त विक्रमाच्या वहीत ती दुसऱ्या रकान्यात जाते.

लंबगोल ट्रॅकवर उलट्या दिशेनं गाडी घालता येत नाही, समोरून दुसरं वाहन येत असेल. पण तिथे दोन सरळ वाटा असतात आणि त्या एकमेकींच्या उलट्या दिशेच्या. एका वाटेवर वारा पाठीशी असला तर दुसरीवर तोंडावर येतो. दोन्ही वाटांवरचे आकडे घेतले की काम झालं.

वेग नोंदवायचे दोन रस्ते आहेत. जुना आणि भक्कम रस्ता म्हणजे प्रकाशाचे दोन किरण. नेमक्या मोजलेल्या अंतरावर, समजा पन्नास मीटरवर, रस्त्याला आडवे दोन किरण सोडतात. गाडीनं पहिला तोडला की घड्याळ सुरू, दुसरा तोडला की बंद. १४० ला हे अंतर १.२९ सेकंदात संपतं. इथे सेकंदाच्या शंभराव्या भागाची चूक झाली तरी वेगात एक किलोमीटरचा फरक पडतो, म्हणून घड्याळ हजाराव्या भागापर्यंत मोजणारं लागतं. हातातल्या स्टॉपवॉचचं हे काम नाही.

दुसरा रस्ता जीपीएसचा. एसटी हॉर्न वाजवत जवळून गेली की आवाज बारीकचा जाड होतो, तेच तत्त्व इथे उपग्रहाच्या रेडिओ लहरींवर चालतं. लहरीची वारंवारता किती सरकली त्यावरून यंत्र वेग काढतं, आणि उघड्या आकाशाखाली तो फार अचूक असतो. चाचणीची यंत्रं सेकंदाला दहा-वीस वेळा किंवा त्याहूनही जास्त नोंद घेतात. मोबाइल साधारण सेकंदाला एकदा घेतो, आणि १४० ला एका सेकंदात गाडी ३९ मीटर पुढे गेलेली असते. वेग काही सेकंद स्थिर राहिला तर मोबाइलचा आकडाही वाईट नसतो. क्षणभराच्या उसळीचा स्क्रीनशॉट मात्र पुरावा धरू नये.

उन्हाचा प्रश्न आमच्याकडे हटकून निघतो. मे महिन्यात पारा ४५ ला असताना गाडी कमी पळते का? गरम हवा विरळ असते. हिवाळ्यात १० अंशांच्या पहाटेपेक्षा ४५ अंशांच्या दुपारी हवेची घनता दहा-बारा टक्के कमी भरते. इंजिनाला प्राणवायू कमी मिळतो, शक्ती घटते, गाडी उचल घेताना मंद वाटते. पण त्याच विरळ हवेचा रेटाही तितकाच कमी झालेला असतो. त्यामुळे टॉप स्पीडच्या हिशोबात दोन्ही बाजू बऱ्याचशा फिटतात. हे उत्तर वर्गात सांगितलं की पोरांचा विश्वास बसत नाही, फळ्यावर मांडून दाखवावं लागतं. चाचणी तरीही पहाटेच घेतात. तेव्हा वारा पडलेला असतो, टायर आणि इंजिन तापून हाताबाहेर जात नाहीत, आणि चामड्याच्या सूटमध्ये माणूस शुद्धीवर राहतो.

टायरपाशी थोडं थांबायला हवं. आत्ता उठून आपल्या गाडीच्या टायरची बाजू बघा. मापाच्या शेवटी एक आकडा आणि एक इंग्रजी अक्षर असतं, उदाहरणार्थ ६६ एच किंवा ५२ एस. आकडा वजनाचा, अक्षर वेगाचं. जे (J) म्हणजे ताशी १०० किलोमीटर, एल म्हणजे १२०, पी १५०, एस १८०, एच २१०, व्ही २४०, डब्ल्यू २७०. योग्य हवा आणि योग्य वजन असताना टायर एवढा वेग सहन करतो, असा त्याचा अर्थ. स्वस्त म्हणून पी अक्षराचा टायर टाकून कुणी दोनशेच्या गाडीवर बसत असेल तर रबराच्या थरांना जी उष्णता सहन होत नाही ती तो सहन करायला लावतोय.

आणि आमच्याकडची काळी माती. पावसाळ्यात शेतरस्त्यानं गाडी काढली की ती रिमच्या आतल्या कडेला बसते, वाळते आणि दगडासारखी होते. वरून गाडी धुतलेली दिसते, आत बोट फिरवलं की गोळा लागतो. १४० ला पुढचं चाक सेकंदाला वीसहून जास्त फेऱ्या मारतं. रिमच्या कडेला एका जागी चिकटलेला १० ग्रॅमचा गोळा त्या वेगाला साडेतीन किलोच्या जोरानं बाहेर ओढतो, आणि सेकंदाला वीसदा दिशा बदलत ओढतो. हँडल थरथरतं ते यानं. ६० च्या वेगाला हेच ओढणं पाव हिश्शाहूनही कमी असतं, म्हणून गावात चालवताना काही कळत नाही. ट्रॅकवर गाडी उतरवण्याआधी चाकं आतून घासून, बॅलन्स करून, व्हॉल्व्हला टोप्या लावून, चेनचा ताण आणि ब्रेक पॅड बघून मगच सोडतात. चाचणीचा वेळ काही मिनिटांचा, तयारीचा त्याच्या कितीतरी पट.

बंद ट्रॅक म्हणजे नुसती रिकामी जागा नव्हे. आत कोण आहे हे एका माणसाला पक्कं माहीत असतं. ठराविक अंतरावर झेंडे घेतलेले मार्शल उभे असतात, त्यांच्यात बिनतारी बोलणं चालू असतं, रुग्णवाहिका इंजिन चालू करता येईल अशा तयारीत असते, पडलंच तर घसरत जायला कडेला मोकळी जागा असते. पहिल्या फेऱ्या हळू मारून पृष्ठभाग बघतात. मग एकच गाडी सोडतात.

आता आमचा अमरावती–अकोला महामार्ग घ्या. जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तासांत सलग टाकून या रस्त्यानं गिनीज विक्रम केला. सरळ, गुळगुळीत, पहाटे मोकळा. पोरांना तो खुणावतो हे मला समजतं. पण १४० ला कोरड्या रस्त्यावर जोरदार ब्रेक मारला तरी थांबायला ९५-१०० मीटर लागतात, आणि त्याआधी डोळ्यांनी बघून हात दाबेपर्यंतच्या एका सेकंदात ३९ मीटर गेलेले असतात. मिळून १३५. हेडलाइटचा उपयोगी उजेड त्याच्या निम्म्यापर्यंतही धड पोचत नाही. तुरीतून रोही (नीलगाय) निघतो तो बहुधा एकटा नसतो, एक गेला म्हणून सुटकेचा श्वास टाकावा तोवर मागून दुसरा उडी मारतो. दोन-अडीचशे किलोचं जनावर. शिवाय उलट्या बाजूनं येणारा ट्रॅक्टर, कापणीनंतर लेनमध्ये वाळत घातलेलं सोयाबीन, बिनालाइटची बंडी, म्हणजे बैलगाडी. यातलं काहीही ट्रॅकवर नसतं, म्हणूनच तिथे मोजता येतं. इथे जीव धोक्यात घालूनही खरा आकडा मिळणार नाही, कारण रस्त्याचा उतार माहीत नाही, वारा मोजलेला नाही आणि परतीची फेरी घेतलेली नाही.

समृद्धीचं नाव काढतात काही जण. तिथे दुचाकीला प्रवेशच नाही. चौपदरी महामार्गावर दुचाकीची मर्यादा ८० आहे, आणि सार्वजनिक रस्त्यावर परवानगीशिवाय शर्यत किंवा वेगाची चाचणी घेणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

आकड्यांच्या स्पर्धेतून कंपन्याही एकदा मागे सरल्या आहेत. १९९९ साली सुझुकीची हायाबुसा ३१२ च्या आसपास गेली आणि पुढची कोण, अशी चढाओढ लागली. युरोपात सरकारं बंदी आणतील की काय, अशी हवा तयार झाली, तेव्हा कंपन्यांनी आपसात ठरवून रस्त्यावरच्या गाड्यांचा वेग इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं २९९ ला बांधला. म्हणून तुम्हाला इतक्या महागड्या गाड्यांवर हा एकच आकडा सापडतो. रेसच्या गाड्यांना ते बंधन नाही. २०२३ साली इटलीत मुजेल्लोच्या एक किलोमीटरहून लांब सरळ वाटेवर ब्रॅड बाइंडरची मोटोजीपी गाडी ३६६.१ ला नोंदली गेली. त्या वेगाला एका सेकंदात शंभर मीटर जातात.

ज्याला आपल्या गाडीचं खरं काय ते जाणून घ्यायचंच आहे, त्यानं टॉप स्पीडच्या मागे न लागता आधी मीटरची चूक काढावी. त्यासाठी ६० चा वेग पुरतो. मागे मित्राला बसवा, त्याच्या हातात स्टॉपवॉच द्या. मीटरवर ६० धरून ठेवा आणि महामार्गाच्या किलोमीटर दगडांवर पाच किलोमीटरचा वेळ घ्या. एकच किलोमीटर घेऊ नका, दगड थोडे मागे-पुढे रोवलेले असतात. मीटर खरं असेल तर बरोबर पाच मिनिटं लागतील. समजा पाच मिनिटं पंचवीस सेकंद लागले, तर खरा वेग ५५.४ निघतो, म्हणजे मीटर शंभराला ९२ खरं सांगतं. टक्केवारी सगळ्या वेगांना साधारण तीच राहते. आता ज्या मित्रानं त्याच गाडीवर १५० बघितले, त्याच्या आकड्याला ०.९२ नं गुणा. १३८ येतात.